अभिषेकाचा उजवा हात

याकोब ढोके यांचा उजवा हात थरथरतो हे त्यांच्या घरात आणि प्रार्थना भवनात एकाच आठवड्यात उघड झालं. घरात कप फुटला. प्रार्थना भवनात हालेलुया झालं.

त्याआधी हा हात कधी चर्चेत आला नव्हता. याकोबरावांनी सगळी नोकरी हिंगण्याच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर काढली, आणि लेथवर ज्याच्या हाताची चर्चा होते त्याला सहसा बोटं कमी असतात. निवृत्तीनंतर हाताला काम उरलं नाही. टीव्ही बघताना अंगठा आपोआप तर्जनीवर घासायला लागला, जणू कुणी तंबाखू मळतंय. याकोबरावांनी आयुष्यात तंबाखू खाल्ली नव्हती. रिकामा हात चाळे करतो, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

धर्माच्या बाबतीतही ते सावकाश माणूस. वडिलांच्या काळापासून शहरातल्या जुन्या दगडी चर्चमध्ये जायचे. तिथे गीतं पुस्तकात बघून म्हणत, उपदेश ऐकताना कुणी मध्ये बोलत नसे, आणि हात फक्त कमिटीच्या निवडणुकीत वर होत. पण ते चर्च दूर. दोन ऑटो बदलावे लागत. मग घराजवळ, टाईल्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर ‘जिवंत झरा प्रार्थना भवन’ निघालं, तेव्हा याकोबराव आणि त्यांच्या पत्नी सुगंधाबाई तिकडे जाऊ लागले. सत्याच्या शोधात माणसं कुठवर जातात. हे दोघं चौकापर्यंत गेले.

जिवंत झऱ्याचे पास्टर केशव पूर्वी विम्याच्या पॉलिस्या विकत. प्रभूकडे आल्यावर त्यांनी तो धंदा सोडला, मोटरसायकल ठेवली, आणि नाव बदललं नाही, कारण आधार कार्डावर तेच होतं. संकट दारात उभं आहे हे समोरच्याच्या गळी उतरवायचं आणि उपायही तिथेच काढून दाखवायचा, ही हातोटी त्यांच्याकडे आधीपासून होती. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या घरी मयत झाली तर मांडववाल्याच्या आधी पोचायचा.

त्या रविवारी गीत चालू असताना सगळ्यांनी हात वर केले. न करणारा नजरेत भरतो, म्हणून याकोबरावांनीही केला. हात वर गेला आणि काही क्षण एकदम शांत राहिला. मग बोटांच्या टोकाशी काहीतरी सुरू झालं, मनगटापर्यंत उतरलं, आणि लिंबाची फांदी हलावी तसा अख्खा पंजा हलू लागला. खिडक्या बंद होत्या. पंखाही बंद होता.

“बघा,” पास्टर माइकवर हळूच म्हणाले. “काकाजीच्या हाताकडे बघा. मी काही नाही केलं. आत्मा उतरून राहिला.”

कीबोर्डवाल्याने एक सूर धरून ठेवला.

हात खाली घ्यावा असं याकोबरावांना वाटलं. पण इतकी माणसं त्यांच्याकडे बघत असण्याची ही आयुष्यातली दुसरीच वेळ होती. पहिली वेळ लग्नाची, आणि तेव्हा लोक सुगंधाबाईंकडे बघत होते. हात वरच राहिला. लोक जितके बघत तितका तो जास्त हलत होता.

प्रार्थना संपल्यावर पहिल्या आल्या इंदूबाई. नवरा गेल्यापासून त्यांची झोप उडाली होती, आणि ही गोष्ट त्यांनी मंडळीतल्या प्रत्येकाला सांगून झाली होती. “काकाजी, माह्या डोक्यावर ठेवा ना जरासा,” त्या म्हणाल्या. याकोबरावांनी ठेवला. हात डोक्यावर थरथरला, इंदूबाई हात लावल्या-लावल्या रडल्या, आणि पुढच्या रविवारी माइक हातात घेऊन त्यांनी साक्ष दिली की दूधवाल्याने बेल वाजवली तेव्हा कुठे जाग आली. त्यानंतर रांग लागायला लागली. कुणाची पाठ, कुणाचा पोरगा, कुणाची प्लॉटची रजिस्ट्री. याकोबरावांना पहिल्या ओळीत हात असलेली खुर्ची मिळाली.

घरी मात्र आत्म्याच्या या अभिषेकाचं स्वागत जरा थंड होतं.

“पवित्र आत्म्यानं माझा तिसरा कप फोडला,” सुगंधाबाई केर भरत म्हणाल्या.

“असं बोलू नाही वं.”

“मग तो चहाच्या वेळी काहून येते? आन उजव्याच हातात काहून? डावा काय दुसऱ्या जातीचा आहे?”

“त्याची इच्छा.”

“आन तुमच्या शर्टाच्या गुंड्या रोज मी लावून राहिली, ते कोणाची इच्छा?”

दुसऱ्या दिवसापासून याकोबरावांना चहा स्टीलच्या ग्लासात मिळू लागला. सुगंधाबाई आणखीही काही बघत होत्या. उजवी चप्पल फरशीवर घासत येते. चालताना उजवा हात हलतच नाही, आणि बसलं की थांबत नाही. एकदा स्वयंपाकघरात सुकट भाजताना गल्लीतली मांजरं दाराशी जमली, आणि याकोबराव शेजारी बसून विचारत होते की आज भाजी काय. वास त्यांना आलाच नव्हता.

शेजारचे धम्मानंद वासनिक त्याच कारखान्यात वेल्डर होते. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच देव हे प्रकरण घराबाहेर ठेवलं होतं, त्यामुळे धम्मानंदांना याकोबरावांचा हात हा हातच दिसला.

“अबे, हे तर माह्या मोठ्या भावाले होतं,” ते फाटकावरूनच म्हणाले. “कंपवात. बस स्कूटरवर मांगं, धंतोलीत डॉक्टरकडे जाऊन येऊ.”

“मले काही झालं नाही गा.”

“मग भेव कायचं? डॉक्टर म्हणल काही नाही, पोहे खाऊ, वापस येऊ.”

सुगंधाबाईंनी आतून मफलर आणून त्यांच्या गळ्यात टाकला. म्हणजे निर्णय झाला होता.

धंतोलीत एका दवाखान्याची भिंत संपली की दुसऱ्याची सुरू होते, आणि फटीत मेडिकल स्टोअर असतं. बाकांवर सगळा विदर्भ थैलीत एक्स-रे आणि फडक्यात भाकरी घेऊन बसलेला. याकोबरावांचा नंबर आला. डॉक्टर मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी अंगठा आणि बोट एकमेकांवर भरभर आपटायला लावलं, कागदावर गोल गोल चकली काढायला लावली, पॅसेजमध्ये चालवलं. मग म्हणाल्या, “आता हात समोर धरा. हं, आत्ता शांत आहे. थांबा... आला.”

नेमकं हेच पास्टर केशवही म्हणत. इथे फक्त कीबोर्ड नव्हता.

“काका, हा पार्किन्सन आहे. आपण कंपवात म्हणतो,” डॉक्टर म्हणाल्या. “हात वर धरला की थोडा वेळ थांबतो आणि परत येतो, ते यातलंच. लोकांसमोर, ताणात वाढतो. घाबरायचं नाही. गोळी सुरू करू, कंप पुष्कळ कमी होईल.”

“पूर्ण जाईल?”

“पूर्णच जाईल असं नाही सांगत मी.”

“म्हणजे थोडा राहील ना?”

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. हा प्रश्न या सुरात त्यांना आजवर कुणी विचारला नसावा. “गोळी मात्र मनाने बंद करायची नाही,” एवढं त्यांनी अधोरेखित केलं.

परतताना धम्मानंद स्कूटरवरून मान वळवून म्हणाले, “आता सांग तुह्या पास्टरले.”

“सांगतो.”

“कवा?”

“समोर पाह्य गा, ट्रक आहे.”

गोळ्यांनी काम केलं, ही खरी अडचण. आठवड्यातच याकोबराव स्वतःच्या गुंड्या लावू लागले. बँकेच्या सहीत त्यांचं नाव मुंगीएवढं झालं होतं, ते पुन्हा वाचता येऊ लागलं. रविवारी मात्र पहिल्या ओळीतल्या खुर्चीत बसून त्यांनी हात वर केला आणि हात भिंतीवरच्या खुंटीसारखा स्थिर राहिला. कीबोर्डवाल्याने सूर धरला. धरून ठेवला. पास्टर म्हणाले, “थांबा, येतो आहे.” तो काही आला नाही. रांग लागली, पण डोक्यावर हात ठेवल्यावर लोक डोळे उघडून वर बघत होते, जसं नळाला पाणी आलं का बघतात. एका बाईने तर विचारलं, “काकाजी, घरी काही झालं का?”

पुढच्या शनिवारपासून याकोबराव गोळी चुकवायला लागले. शनिवार सकाळपासून बंद, रविवारी दुपारी जेवणावर सुरू. सहा दिवस रोग, एक दिवस वरदान. पण शरीराला हे वेळापत्रक मान्य नव्हतं. शनिवारी संध्याकाळपासून अंग लाकडासारखं व्हायचं, अंथरुणात कूस बदलायला सुगंधाबाईंचा हात लागायचा. त्याहून वाईट म्हणजे आत काहीतरी सतत हलत राहायचं, गोळी घेतलेल्या दिवशीही. बसलं की उठावंसं वाटे, उठलं की कशाला उठलो ते आठवत नसे. प्रार्थनेला डोळे मिटले की प्रभूऐवजी डॉक्टरांचा चष्मा दिसे. गोळ्यांची पट्टी ते शर्टाच्या आतल्या खिशात, छातीशी ठेवत. तिथे पूर्वी शुभवर्तमानाचं छोटं पुस्तक असायचं.

आपण खोटं बोलतोय असं त्यांना वाटत नव्हतं. त्यांनी कुणाला काही सांगितलंच नव्हतं. माइकवर बोलायचे ते पास्टर. रांगेत यायचे ते लोक. हात फक्त हलायचा. इंदूबाईंना झोप लागली होती, हे तर खरं होतं. देव रोग्याच्या हातातूनही काम करू शकतो, हेही खरं असेल. मग गोळी चुकवून देवाला मदत करायची काय गरज, इथे येऊन विचार अडकायचा, आणि ते उठून अंगणात फेऱ्या मारायचे, उजवी चप्पल घासत.

हे असं किती दिवस चाललं असतं सांगता येत नाही. पण नाताळच्या आधी इंदूबाईंनी आपल्या मुलीला रांगेत आणलं.

रोशनी धरमपेठेत साडीच्या दुकानात होती. तिला लहानपणापासून फिट यायच्या. गोळ्यांनी त्या आटोक्यात होत्या; शेवटची आली तेव्हा ती स्वयंपाक करत होती, आणि कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा चट्टा राहिला होता. ती लांब बाह्यांचे ब्लाउज घाले. याकोबरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात भरपूर हलला. शनिवार पाळलेला होता.

दोन रविवारांनी इंदूबाईंनी माइक घेतला. “माह्या रोशनीले प्रभूनं मुक्त केलं. मी तिच्या सगळ्या गोळ्या कचऱ्याच्या गाडीत टाकल्या. सगळ्या. गाडीवाला म्हणे ओला कचरा का सुका, मी म्हटलं सैतानाचा कचरा.”

मंडळी हसली, टाळ्या झाल्या. याकोबराव हसले नाहीत. छातीशी पट्टी टोचत होती.

बाहेर जिन्यापाशी त्यांनी रोशनीला गाठलं. ती नव्या स्कूटीवर हेल्मेट घालत होती.

“बेटा, गाडी कवापासून?”

“शिकून राहिली, काकाजी. आई पह्यले हातच नाही लावू देत होती. आता काय भेव?” ती हसली. “आन पोरगा पाह्याले येऊन राहिला पुढच्या महिन्यात. त्या गोळ्यांनी सारखी झोप येते, दुकानात शेठ म्हणते जांभया देऊ नको. बरं झालं सुटलं.”

“गोळी बंद नको करू वं.”

रोशनीने त्यांच्याकडे बघितलं आणि आणखी हसली. “तुमी माही परीक्षा घेऊन राहिले. पास्टर म्हणाले होते, परीक्षा आपल्या माणसाच्या तोंडून येते.”

याकोबरावांचा हात खिशाकडे गेला, आणि खिशावरच राहिला. स्कूटी सुरू झाली. हात खिशावर थरथरत होता. जिन्यावरून उतरणाऱ्या एका माणसाने त्याला बघून नमस्कार केला.

त्याच आठवड्यात ते धम्मानंदांबरोबर सिग्नलला थांबले असताना पलीकडच्या रांगेत रोशनी दिसली. हिरवा पडला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. ती उभीच. डोळे उघडे होते, बघणं बंद होतं. पाण्याचा टँकर तिला वळसा घालून गेला, ड्रायव्हरने खिडकीतून शिवी घातली. मग तिने मान झटकली, इकडेतिकडे बघितलं, आणि काहीच न झाल्यासारखी निघून गेली.

“लाल आहे का हिरवा, पोरीले समजून नाही राहिलं,” धम्मानंद म्हणाले.

घरी येऊन याकोबरावांनी जेवण केलं नाही. संध्याकाळी ते पास्टरांकडे गेले.

पास्टर केशव स्टेजमागच्या खोलीत होते. वार्षिक जागृती सभा आठवड्यावर आली होती, लग्नाचं लॉन बुक झालं होतं. भिंतीला नवा फ्लेक्स टेकवून ठेवला होता. त्यावर ढग, ढगातून किरण, आणि किरणांत एक उजवा हात. याकोबरावांनी आपला हात ओळखला. लेथवर असताना तर्जनीवर पडलेली खूण फोटोतून पुसली होती.

“बसा काकाजी. कसा वाटते फ्लेक्स?”

याकोबराव बसले आणि सगळं सांगून टाकलं. धंतोली, चकली, गोळ्या, शनिवार. पट्टी काढून टेबलावर ठेवली. पास्टरांनी पट्टी उचलून मागून-पुढून वाचली, पॉलिसीच्या अटी वाचाव्यात तशी.

“काकाजी, मले एक सांगा. इंदूबाई झोपून राहिली का नाही?”

“झोपून राहिली.”

“मग? डॉक्टरले काय माहीत, आत्मा कोणत्या रस्त्यानं येते?”

“रोशनी पण रस्त्यानंच येते. गाडी चालवून राहिली ते.”

पास्टरांनी पट्टी टेबलावर ठेवली, पुन्हा उचलली. “मी तिले गोळी बंद कर म्हटलं नाही.”

“नाही.”

“मी म्हटलं विश्वास ठेव.”

“तिनं तेच आयकलं.”

खाली टाईल्सच्या दुकानात कुणीतरी फरशी कापत होतं. तो आवाज थांबेपर्यंत दोघांनाही बोलता आलं नाही, आणि दोघांनाही ते बरं वाटलं.

“सभा होऊ द्या,” पास्टर शेवटी म्हणाले. “मग मी स्वतः तिच्या घरी जातो. चार तालुक्यातून लोक येऊन राहिले, काकाजी. आपल्याले देवाचं सामर्थ्य दाखवायचं आहे. माणसाची कमजोरी काय दाखवायची? ते तर सगळ्याले माहीतच आहे.”

“माही तर कोणालेच माहीत नाही,” याकोबराव म्हणाले.

पास्टरांनी पट्टी नीट घडी घातलेल्या रुमालासारखी याकोबरावांच्या खिशात परत ठेवली.

सभेच्या रविवारी सकाळी सुगंधाबाई त्यांच्या गुंड्या लावत होत्या. शनिवारची गोळी सवयीने चुकली होती. हात, खांदा, आता हनुवटीसुद्धा किंचित.

“पास्टरले सांगितलं?”

“सांगितलं.”

“काय म्हणे?”

“सभा झाल्यावर.”

सुगंधाबाईंनी शेवटची गुंडी लावली आणि कॉलर सरळ केली. “तुमच्या नावाचा जो होता शास्त्रात, तो देवासंगं झोंबला. आशीर्वाद भेटला, पण मांडी निखळली. घरी लंगडतच गेला. दुनियेनं पाह्यलं त्याले लंगडताना.” मग म्हणाल्या, “स्वेटर घाला, लॉनवर गार असते.”

लॉनवर खरंच गार होतं. कालच्या लग्नाची फुलं अजून कमानीला होती, आणि कमानीवर नवरा-नवरीच्या नावांच्या जागी फ्लेक्सवरचा हात. लोक स्वेटर-शालीत बसले होते. धम्मानंदही आले होते. ते मागे चहाच्या टेबलाशी शेंगदाणे खात उभे होते, कारण उभं राहिलं म्हणजे आपण सभेत नाही असा त्यांचा हिशेब होता. रोशनी पुढून दुसऱ्या ओळीत आईजवळ बसली होती. मांडीवर हेल्मेट.

इंदूबाईंची साक्ष झाली. कचऱ्याची गाडी झाली, सैतानाचा कचरा झाला, लोक हसले. मग पास्टरांनी याकोबरावांना बोलावलं. नजर मिळवायचं त्यांनी टाळलं.

याकोबराव स्टेजवर चढले. हात वर करायची गरजच पडली नाही. तो खालीच इतका हलत होता की माइक धरता येईना. पुढच्या ओळींतून कुजबुज उठली. कीबोर्डवाल्याने सूर धरला.

“हा आजार आहे,” याकोबराव माइकमध्ये म्हणाले.

“हालेलुया,” मागून कुणीतरी म्हणालं.

“आत्मा नाही. आजार आहे. धंतोलीत दाखवला. कंपवात.”

“आमेन,” दुसऱ्या बाजूने आलं. एक बाई शेजारणीला सांगत होती, किती नम्र माणूस आहे, स्वतःकडे काही घेतच नाही. याकोबरावांना आयुष्यात एवढी मान्यता कधी मिळाली नव्हती, आणि ती थांबवायची कशी हे त्यांना समजेना. जितकं घाबरत होते तितका हात जोरात होत होता, आणि हात जितका जोरात तितके लोक उभे राहत होते.

मग त्यांनी खिशातून पट्टी काढली. “हे पाहा. गोळी. मी शनिवारी घेत नाही, म्हणून रविवारी हलते.”

आता मात्र हालेलुया आलं नाही. पट्टी दिसत होती. पट्टी सगळ्यांच्या ओळखीची असते.

त्यांनी गोळी काढायचा प्रयत्न केला. अंगठा कागदावर बसेना. दुसऱ्यांदा घसरला. तिसऱ्यांदा पट्टी हातातून उडाली आणि पास्टरांच्या बुटाशी पडली. सगळं लॉन त्या पट्टीकडे बघत होतं. पास्टर केशव वाकले, पट्टी उचलली, आणि तशीच धरून उभे राहिले. मग त्यांनी कीबोर्डवाल्याला हाताने थांब म्हणून खूण केली. जिवंत झऱ्याच्या इतिहासात हे पहिल्यांदाच झालं.

“रोशनी,” याकोबराव म्हणाले. “बेटा, मले ही गोळी काढून दे. माह्यानं निघून नाही राहिली.”

रोशनी उठली नाही. आईकडे बघितलं. इंदूबाई समोर बघत होत्या. मग रोशनीने हेल्मेट खुर्चीवर ठेवलं आणि स्टेजवर आली. पास्टरांनी पट्टी तिच्या हातात दिली. तिने बघितलंही नाही. एका अंगठ्याने दाबून गोळी तळहातावर घेतली, लहानपणापासून रोज घेतली तशी. पाणी पास्टरांनीच आणलं. ग्लास याकोबरावांच्या हातात राहिना, तेव्हा तिनेच तो त्यांच्या तोंडाला लावला. थोडं पाणी स्वेटरवर सांडलं.

“आता?” तिने विचारलं.

“आता थांबायचं. लगेच नाही होत.”

ही मंडळी तत्काळ चमत्कारांवर वाढलेली. गोळीला वेळ लागतो, आणि त्या वेळात काय करायचं याची कार्यक्रमपत्रिकेत सोय नव्हती. पास्टरांनी एक जुनं गीत धरलं, कीबोर्डशिवाय, दगडी चर्चमध्ये म्हणतात त्यातलं. मग दुसरं. याकोबराव स्टेजवर प्लास्टिकच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसले होते आणि सगळं लॉन त्या हाताकडे बघत होतं. काही लोक उठून निघून गेले. चार तालुक्यांतले काही गाडीभाड्याचं काय म्हणून एकमेकांत बोलायला लागले. एक म्हातारा पुढे येऊन अगदी जवळून बघून गेला आणि म्हणाला, “हलून राहिला अजून.” धम्मानंद शेंगदाणे विसरून पहिल्या ओळीत येऊन बसले होते.

ऊन मांडवाच्या खांबापर्यंत सरकलं तेव्हा हनुवटी थांबली. मग खांदा. शेवटी अंगठा तर्जनीवर एकदोनदा घासला आणि तिथेच राहिला.

अशा वेळी काय म्हणायचं हे कुणाला शिकवलं नव्हतं.

रोशनी स्टेजच्या पायरीवर बसून सगळा वेळ बघत होती. तिने बाही वर केली, चट्टा खाजवला, बाही खाली केली. “काकाजी, मले त्या दिवशी सिग्नलवर काही झालं होतं,” ती हळू म्हणाली. “थोडा वेळ काही आठवतच नाही. मी कोणालेच सांगितलं नाही.”

“मी पाह्यलं,” याकोबराव म्हणाले.

ती उठली आणि आईपुढे जाऊन उभी राहिली. “आई, नवीन गोळ्या आणा लागन. मेडिकल आज चालू असन का?”

इंदूबाईंनी पर्सची चेन उघडली, रुमाल काढला, घराची किल्ली काढली, नाताळच्या केकचा कागद काढला, आणि तळातून रबर लावलेल्या पट्ट्यांचा गठ्ठा काढून मुलीच्या हातात दिला. सगळ्या होत्या.

“फेकाच्याच होत्या वं,” त्या समोर बघत म्हणाल्या. “पण त्या दिवशी गाडी आलीच नाही.”

कचऱ्याची गाडी त्यांच्या गल्लीत रोज येते, गाणं वाजवत. रोशनीने धम्मानंदांच्या हातात स्कूटीची किल्ली दिली आणि पाणी मागितलं.